रॅम्पची उजवी बाजू

१९ नोव्हेंबर

आज परत तेच. मशीन ट्रेलरवर चढवताना उजवी चेन रॅम्पच्या अगदी काठावर. बोटभर आणखी गेली असती तर... नको. मी ओट्यावर मेथी निवडत होते, सगळी अंगणात सांडली. हे खाली उतरले, हात झटकले आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणाले, चहा ठेव.

चहा ठेवला. साखर टाकायची विसरले, तरी मुकाट्याने प्याले. एरवी साखर कमी झाली तर अर्ध्या आरमोरी गावाला कळतं. म्हणजे यांनाही कळलंय.

आमचं पोकलेन छोटं, चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारं. लोकांना खेळण्यासारखं वाटतं, पोरं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. पण ट्रेलरवर चढताना ते खेळणं नसतं. दोन लोखंडी रॅम्प, चेनपेक्षा जेमतेम रुंद, आणि त्यावर तीन टनांचं धूड. अर्धं आयुष्य त्या सीटवर काढलेला माणूस हा. यांची चेन कधी काठाला गेली नव्हती. दिवाळीनंतर मात्र जायला लागली आहे. दरवेळी उजवीच.

२० नोव्हेंबर

परीक्षा घेतली. पाप लागलं तर लागो. जेवायला वाढलं तेव्हा पाण्याचा तांब्या मुद्दाम उजवीकडे ठेवला, जरासा मागे. यांनी हाताने जमीन चाचपली. मग मान पूर्ण वळवली तेव्हा सापडला. नंतर मिठाची वाटी तशीच ठेवली. तेच.

विचारलं, कधीपासून? काय कधीपासून, म्हणे. मी ताटासमोरून हलले नाही. मग हे भाताकडे पाहत बोलले, "पावसाळ्यात वाटलं डोळ्यात धूळ गेली. मंग धुकं आल्यावानी झालं. आता त्या बाजूनं नाईच दिसत."

"कुणाले सांगतलं?"

"कोणाले सांगू? आन तूबी सांगू नको, माही शपथ हाय. ट्रॅक्टरवाल्या रशीदले तं बिलकुल नाई."

भांडी घासताना रडले. मग राग आला. एवढे दिवस शेजारी झोपतो आणि मला सांगत नाही.

२२ नोव्हेंबर

डॉक्टरकडे चला म्हणून कालपासून भांडण. नाही म्हणजे नाही. गावात समजलं की मशीनवाल्याचा डोळा गेला, तर काम कोण देणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मलाच ऐकवलं.

कामाचं एक वेळ सोडा. मला माणसाच्या जिवाची भीती वाटते. घरात बसवलं तर हा माणूस महिन्याभरात खंगून जाईल. आणि सीटवर बसू दिलं तर एक दिवस रॅम्पवरून खाली येईल, मशीन अंगावर घेऊन. दोन्हीकडून माझाच जीव टांगलेला.

सपाट जागेवर खोदायला काही नाही, तिथे हात जाणतो. जीव जातो तो चढवताना आणि उतरवताना. त्यात आमच्या मशीनची सीट डावीकडे, बूम, म्हणजे खोदणारा लांब हात, उजवीकडे. त्या बाजूचं चांगल्या डोळ्यालाही अर्धंच दिसतं.

मुलचेऱ्याचं काम घेतलंय यांनी. तिकडच्या निर्वासित बंगाल्यांच्या एका गावात माशांचं तळं खोदायचं. बुधवारी निघायचं.

२४ नोव्हेंबर

मी येणार. सांगून टाकलं. समोर उभी राहून हात दाखवणार, हे फक्त माझ्या हाताकडे पाहणार. रॅम्पकडे पाहायचं नाही, बूमकडे नाही, गर्दीकडे नाही.

हसले. बाईच्या हातावर मशीन चढवू काय, म्हणे. मी म्हटलं, माझ्या बापाने आख्खा जन्म हातावर काढला. माहेरी आम्ही तलावावरची माणसं. जाळं ओढताना बोलायचं नसतं, मासा पळतो. बाबा डोंग्यात उभे राहून हात दाखवायचे आणि काठावरचे सगळे त्या हाताप्रमाणे ओढायचे. तळवे समोर म्हणजे थांबा. मूठ खाली म्हणजे जाळ्याचा खालचा दोर दाबा. मी चालायला लागले तेव्हापासून ते पाहिलंय.

अंगणात सराव केला. हे खुर्चीवर बसले, समोर काही नसताना लिव्हर धरल्यासारखे हात केले. मी तुळशीपाशी उभी. शेजारीण कुंपणातून बघत राहिली. तिला काय वाटलं देव जाणे.

२६ नोव्हेंबर

चढलं. सरळ चढलं.

ट्रॅक्टर-ट्रेलर रशीदभाऊंचा. यांचा लहानपणापासूनचा दोस्त, दर कामाला तोच नेतो. हे सीटवर बसले आणि मी ट्रॅक्टरच्या सीटवर उलट तोंड करून उभी राहिले, तेव्हा त्याने यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वैनी, भाषण देता काय?"

मी म्हटलं, हो, तुम्ही टाळ्या वाजवा.

आधी सगळं नीट करून घेतलं. जागा कडक आणि सपाट. ट्रॅक्टर बंद, गिअरमध्ये, ब्रेक ओढलेला. ट्रेलरच्या चाकांना लाकडाचे गुटके, मागे टेकू, नाहीतर मशीनचं वजन मागे पडलं की ट्रॅक्टरचं बूड उचलतं. चेनमधली माती खरवडून काढली. यांनी सीटचा पट्टा बांधायला टाळाटाळ केली, मी खाली उतरून स्वतः बांधला. रशीदभाऊ हसून हसून खोकला.

मग हात. रॅम्पला लागण्याआधी डावीकडे जरा. सरळ. सरळ. थांबा. बकेट खाली ठेवा. सरळ. हे माझ्याकडे असं पाहत होते की मलाच लाज वाटली. लग्नात अंतरपाट निघाला तेव्हासुद्धा एवढं पाहिलं नव्हतं.

चारही कोपऱ्यांना साखळदंड आवळले. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी. दिवसभराचा रस्ता. आष्टीनंतर खाणीचे ट्रक एकामागे एक, लाल धुरळा, केस वाळवणाच्या मिरचीसारखे झाले. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून दर वळणावर मागे वळून साखळ्या पाहत होते.

२७ नोव्हेंबर

उतरवणं चढवण्यापेक्षा वाईट. खाली येताना मशीनला घाई असते.

झालं नीट.

तळं ज्यांचं त्या गोपालबाबूंच्या घरी उतरलो. म्हातारं जोडपं, मुलं बाहेरगावी. बायको मालतीदीदी. आमच्याशी हिंदी बोलतात, आपसात बंगाली. दारात पाय ठेवायच्या आत मासळी रांधली. आमच्या घरच्यासारखी नाही, मोहरी वाटून. मी दोनदा घेतली.

१ डिसेंबर

तळं आकार घेतंय. जमिनीवर या माणसाला पाहावं. बकेट मातीत जाते ती चमच्याने दही काढल्यासारखी. शीळ घालत काम करतात. कुणी म्हणेल का, एक डोळा गेलाय?

रात्री परत डॉक्टरचा विषय काढला. "एवढं काम होऊ दे, मंग पाहू." हे 'मंग पाहू' मी लग्नापासून ऐकतेय. घराचं छप्पर असंच 'मंग पाहू' म्हणता म्हणता माझ्या डोक्यावर गळलं होतं.

रशीदभाऊ एकटाच बसला होता तेव्हा वाटलं सांगून टाकावं. तो दर वेळी रॅम्पच्या आसपासच वावरतो. तोंडापर्यंत आलं. यांनी शपथ घातलेली. गिळलं.

५ डिसेंबर

तळं झालं. उद्या मशीन चढवायचं आणि घरी. सकाळी धुकं, दव फार. यांना म्हटलं, ऊन आल्याशिवाय आणि मी आल्याशिवाय चढवायचं नाही. "हो वं." दोनदा म्हणवून घेतलं.

६ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी मी मालतीदीदीचा निरोप घ्यायला आत गेले. तिने मुरमुऱ्याचे लाडू बांधायला घेतले, बस म्हणाली, बसले. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. वाटलं, गरम करायला लावलं असेल. मग आवाज बदलला. मशीन चढाला लागलं की कण्हल्यासारखं करतं, तो आवाज. लाडू तिथेच टाकून पळाले.

माझ्यामागे काय झालं ते नंतर कळलं. गावातली माणसं पाहायला जमली होती. कुणीतरी म्हणालं, बाई आल्याशिवाय मशीन चढत नाही वाटतं. सगळे हसले. हेही हसले, आणि चावी फिरवली. रॅम्प दवाने ओले होते, म्हणून गोपालबाबूंनी स्वतः धानाच्या तणसीचा, म्हणजे वाळल्या पेंढ्याचा, भारा आणून दोन्ही रॅम्पवर अंथरला. मायेनेच. हे आणि रशीदभाऊही अंथरू लागले. आमच्याकडेही धानाच्या बांधीत ट्रॅक्टर फसला की चाकाखाली तणसच टाकतात. मी तिथे असते तर कदाचित मीही टाकली असती. चिखलात ती चाकाला धरते. ओल्या लोखंडावर मात्र तिचा साबण होतो, हे धानाच्या मुलखात कुणाला सुचलं नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आम्हाला काडीच बुडवायला निघाली होती.

मी पोहोचले तेव्हा मशीन रॅम्पच्या मधोमध. उजवी चेन अर्धी बाहेर, मशीन त्या बाजूला कललेलं. आणि त्याच बाजूला खाली रशीदभाऊ. घसरणारी तणस फावड्याने परत वर ढकलत होता. त्याला वाटत होतं, हे आपल्याला पाहताहेत.

मी ओरडले, रशीदभाऊ मागे व्हा. फावडं टाकून तो मागे सरला, चक्क पडलाच. मग सगळेच ओरडायला लागले. उडी मारा. पुढे घ्या. मागे घ्या. उंटावरचे शहाणे. यांचा हात पट्ट्याच्या बकलाकडे गेला. मशीन कललं की उडी मारायची नाही, आपण आधी पडतो आणि मशीन आपल्यावर, हे यांनीच मला शिकवलेलं. तरी हात गेला.

मी ट्रॅक्टरवर चढले. यांच्या डावीकडे सरकून उभी राहिले, जिथून मी यांना दिसेन. दोन्ही तळवे समोर.

थांबा.

यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. हात बकलावरून निघाला.

मूठ खाली. बकेट ट्रेलरवर टेकली. आणखी दाबा. बकेटच्या जोरावर कलणं थांबलं. मग तळहात यांच्याकडे ढकलला, हळू. मागे. थांबा. परत मागे. बकेट ट्रेलरवर घासत येत होती, तो आवाज दातात जात होता. शेवटी उजवी चेन रॅम्प सोडून जमिनीवर धप्पकन आली. मशीन डोललं. डोलत राहिलं. उभं राहिलं.

यांच्या बरगडीला लिव्हरचा दांडा लागलाय, सुजलंय. बाकी काही नाही. पट्टा होता.

गोपालबाबू जवळ गेले, यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हळूच म्हणाले, "दादा, उस तरफ दिखता नहीं क्या?"

आवाजाकडे पाहायला यांना मान पूर्ण वळवावी लागली. सगळ्यांना उत्तर मिळालं.

७ डिसेंबर

मशीन तिथेच ठेवून रिकाम्या ट्रेलरने परत. मी चढवू म्हटलंच नाही, कुणीच म्हटलं नाही.

आष्टीला चहाला थांबलो तेव्हा रशीदभाऊ माझ्यापाशी आला. हे लांब बाकावर बसले होते.

"वैनी, तुमाले मालूम होतं?"

हो म्हटलं.

"मले सांगतलं असतं तं मी त्या बाजूले उभा राह्यलो नसतो. बस, एवढंच."

ग्लास ठेवून ट्रॅक्टरकडे गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शपथ यांची होती, तोंड माझं होतं. चहा तसाच ओतून दिला.

१२ डिसेंबर

चंद्रपूर. डोळ्यांचा दवाखाना. आता यांचं काऊन नाई, कशाला नाई, काही नाही. बस म्हटलं तिथे बसले, मान वर म्हटलं तर वर.

काचबिंदू. मोतीबिंदू असता तर ऑपरेशनने दिसलं असतं. हा गेलेला परत येत नाही. उजवा गेलाच. डावा वाचवायचा तर रोज थेंब, जन्मभर, एक दिवसही चुकवायचा नाही. डॉक्टरीणबाई चांगली होती, सावकाश बोलली. यांनी एकच विचारलं, मशीन. ती म्हणाली, एका डोळ्याने खोलीचा, अंतराचा अंदाज बसत नाही. उंचावर, काठावर नकोच.

बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना यांनी माझा दंड धरला. भर रस्त्यात, भर दुपारी. लग्नानंतर पहिल्यांदा. मला सुख वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

१६ डिसेंबर

बोलत नाहीत. थेंब टाकू देतात, तेवढाच संबंध. दिवसभर अंगणात जिथे मशीन उभं असायचं तिथे खुर्ची टाकून बसतात. तेलाचे डाग आहेत तिथे, ते पाहत.

मला जे होईल असं वाटत होतं तेच सुरू झालंय.

रशीदभाऊ आला. मला वाटलं होतं आता येणार नाही. त्याने एक ड्रायव्हर शोधलाय, ब्रह्मपुरीचा. चढवून आणेल, पुढे कामही करेल. यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माह्या सीटवर दुसरा कोणी नाई बसन."

रशीदभाऊ म्हणाला, मग काय मशीन तळ्यातच सोडू? मासे चालवतील.

मी बोलून गेले, मी बसते.

हे हसले. दवाखान्यानंतर पहिल्यांदा हसले, मला राग यायला हवा होता. "तुले येते काय?"

"नाई येत. शिकवा."

१७ डिसेंबर

रात्रभर विचार केला असेल. सकाळी दात घासता घासता म्हणाले, डावं-उजवं एका डोळ्यालाही समजते. खोली नाही समजत, पण रॅम्प सरळ आहे की नाही ते समजते. हात दाखवणाऱ्याला तेवढंच लागते.

म्हणजे मी सीटवर आणि हे ट्रॅक्टरवर उभे. हो म्हटलं. मनात काय आलं ते इथेही लिहीत नाही.

२१ डिसेंबर

गोपालबाबूंकडे येऊन राहिलोय. ट्रॅक्टरही आणलाय. शेतातलं धान कापून झालंय, मोकळी कडक जमीन. यांनी चुन्याच्या दोन पट्ट्या ओढल्या, रॅम्पएवढ्याच रुंद, आणि मला सांगितलं, चेन चुन्याबाहेर गेली तर मेलीस असं समज.

आज पुष्कळदा मेले.

खुर्चीवर बसून ओरडतात. लिव्हर म्हणजे काय पोळपाट आहे काय. झटका देऊ नको. पट्टीवर वळू नको, वळायचं तर खाली उतरून सरळ करून परत ये. रॅम्पवर वळलं की संपलं. मीही ऐकवलं, तुम्ही वळला होतात म्हणून शिकवताय का. नको होतं बोलायला. मग म्हणाले, "हो. म्हनूनच." आणि परत ओरडायला लागले.

जेवताना भात मागून घेतला. पोटभर जेवले.

२५ डिसेंबर

सपाट पट्ट्यांवर आता चेन जात नाही बाहेर. पुढे, मागे, डोळे मिटून म्हणाल तरी.

आलापल्लीच्या पलीकडे एकाला शेततळं हवंय. यांनी फोनवर सरळ सांगितलं, खोदून मी देईन, सपाटीवर मला जमते. ट्रेलरवर मशीन बायको चढवते, चालत असेल तर बोला. पलीकडच्याने दोनदा विचारून घेतलं, बायको? मग चालते म्हणाला. फोन ठेवल्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी यांच्याकडे पाहिलं नाही.

चढवते म्हणे. अजून चढवलंय कुठे.

२७ डिसेंबर

उद्या. ऊन आल्यावर.

रशीदभाऊने रॅम्पवर आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून आणल्यात, चेनला धरायला. कुणी सांगितलं नव्हतं. दाखवलंही नाही, लावून मोकळा झाला.

भीती वाटते. पडायची तेवढी नाही. चुन्याच्या पट्टीवर खाली पाहता येतं. रॅम्पवर मशीनचं नाक वर झालं की काही दिसत नाही, समोरच्याचा हात तेवढा दिसतो. आणि तो हात यांचा असणार. डोक्याला पटलंय. पोटाला पटत नाही.

२८ डिसेंबर

मशीनवर बसूनच लिहितेय. मशीन बंद आहे, बकेट टेकलेली आहे. वहीची पिशवी सीटमागे होती.

ऊन कडक आल्यावर सुरुवात केली. रॅम्प कोरडे, तणसीची काडी नाही. रशीदभाऊने सगळ्यांना शेळ्या हाकल्यासारखं लांब नेलं, स्वतःही लांब उभा राहिला. गुटके, टेकू, ब्रेक, सगळं यांनी हाताने चाचपून पाहिलं. मग ट्रॅक्टरवर चढले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी पट्टा बांधला.

चेन रॅम्पला लागली. नाक वर झालं. समोर आभाळ, बूम आणि यांचे हात. हात म्हणाला, डावीकडे. मला वाटत होतं मी सरळ आहे. अगदी सरळ. रॅम्पवर वळायचं नसतं, मी थांबले. हात परत डावीकडे. ठामपणे.

मी मागे घेतलं. खाली आले, बकेट टेकवली, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि उतरून रॅम्प पाहायला गेले. सगळ्यांच्या देखत.

चेनच्या मातीचा ठसा रॅम्पवर उमटला होता. उजवा ठसा थेट काठाला टेकलेला.

यांचं बरोबर होतं.

मी वर पाहिलं तेव्हा यांनी हात खाली घेतले होते. मग ट्रॅक्टरच्या सीटवर बसले, रस्त्याकडे तोंड करून. पाठ माझ्याकडे.

त्या दिवशी मशीन कललं होतं, आख्खं गाव ओरडत होतं, तेव्हा यांनी खाली एकदाही पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं. आणि मी उतरून पाहून आले.

जवळ गेले. म्हटलं, चुकलं माझं.

"नाई," म्हणाले, "तू बरोबर केलं. मीबी उतरून पाह्यलं असतं."

खोटं. यांनी पाहिलं नसतं. दोघांनाही माहीत आहे.

परत येऊन सीटवर बसलेय. रशीदभाऊ रॅम्पवरचा मातीचा ठसा पुसतोय. कुणी घाई करत नाही. आता हात डावीकडे म्हणाला तर खाली येऊन सरळ करायचं आणि परत चढायचं, उतरून पाहायचं नाही, असं मनाशी ठरवलंय. नाक वर झाल्यावर ते ठरवलेलं टिकतं का, ते

हे उभे राहिले. हात वर केला. वही ठेवते.